झोपेतला श्वास आणि हृदयाची लय

(भाषणाचा मजकूर)



घोरणे हा आपल्याकडे पूर्वापार चेष्टेचा विषय होऊन बसला आहे. लग्नघरात, धर्मशाळेत किंवा रात्रीच्या गाडीत एखादा गृहस्थ घोरू लागला की इतरांची झोप उडते आणि सकाळी त्याची थट्टा होते. दिवसभर राबलेला माणूस घोरत असेल तर त्याला गाढ झोप लागली आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. काही घरांत तर घोरणे हे निश्चिंत मनाचे आणि उत्तम प्रकृतीचे लक्षण मानले जाते. गेल्या सुमारे पन्नास वर्षांतील वैद्यकीय संशोधनाने मात्र या समजाला मोठा धक्का दिला आहे. प्रत्येक घोरणारा माणूस आजारी असतो असे नाही. परंतु घोरणाऱ्यांपैकी अनेकांचा श्वास झोपेत वारंवार बंद पडतो आणि त्यांची रात्र विश्रांतीऐवजी श्वासासाठी चाललेल्या झुंजीत जाते. या झुंजीची सर्वांत मोठी झळ हृदयाला पोहोचते. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. मराठीत त्याला निद्रा-श्वासरोध म्हणता येईल. हा विकार कसा होतो, हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम कोणता होतो, आणि उपचार केल्यावर हृदयाचे नेमके किती हित साधते, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

श्वास का अडतो?

नाकातून व तोंडातून आत गेलेली हवा घशातून श्वासनलिकेकडे जाते. घशाचा हा भाग हाडांच्या चौकटीत बसविलेला नाही. तो मऊ स्नायूंचा बनलेला असून हे स्नायू ताठ राहतात तोवरच मार्ग उघडा राहतो. जागेपणी ते ताठ असतात. झोप लागली की सैल पडतात. बहुतेकांच्या बाबतीत यामुळे काही बिघडत नाही. परंतु मानेभोवती चरबी साठलेली असेल, खालचा जबडा लहान वा मागे सरकलेला असेल, जीभ किंवा टॉन्सिल मोठे असतील, तर सैल पडलेला मार्ग अरुंद होतो. अरुंद मार्गातून जाणाऱ्या हवेने मऊ टाळू व पडजीभ थरथरू लागते. तेच घोरणे होय. मार्ग पूर्णपणे मिटला की घोरण्याचा आवाज एकाएकी थांबतो. छाती आणि पोट हालत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटू लागतो, कार्बन डाय-ऑक्साइड वाढू लागतो. शेवटी मेंदू धोक्याची सूचना देतो, झोप क्षणभर चाळवते, घशाचे स्नायू ताठ होतात आणि मोठा घुरका घेऊन श्वास पुन्हा सुरू होतो. माणूस परत झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही.

निदान दहा सेकंद श्वास थांबला तर वैद्यकीय परिभाषेत तो एक श्वासरोध मानला जातो. श्वास पुरता न थांबता बराच उथळ झाला आणि त्यामुळे प्राणवायू घटला, तर त्याचीही गणना होते. अशा घटना तासाला ५ ते १५ असतील तर विकार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० पेक्षा अधिक असतील तर तीव्र समजतात. ३० हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. पण सात तासांच्या झोपेत त्याचा अर्थ दोनशे दहा वेळा गुदमरणे, असा होतो. एखाद्याला दिवसा कोणी दोनशे वेळा नाक-तोंड दाबून धरले, तर त्याच्या हृदयाचे काय होईल याची कल्पना कोणालाही करता येईल. तीव्र विकार असलेल्या माणसाच्या बाबतीत हे रोज रात्री घडत असते.

ठोक्यांची चढउतार

निरोगी झोपेत हृदयाला खरी विश्रांती मिळते. ठोके मंदावतात आणि रक्तदाब दिवसाच्या मानाने सुमारे १० ते २० टक्क्यांनी खाली येतो. हृदयाला आवर घालणारी परानुकंपी चेतासंस्था या काळात वरचढ असते, तर त्याला धावावयास लावणारी अनुकंपी चेतासंस्था शांत असते.

श्वासरोधाच्या रुग्णात हा क्रम बिघडतो. श्वास बंद असताना प्राणवायू घटत जातो आणि फुप्फुसे फुगत नाहीत. या दोहोंच्या संयोगाने, पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्याचे होते त्याप्रमाणे, हृदयाचे ठोके मंद होतात. काही रुग्णांमध्ये ते काही सेकंद थांबतातदेखील. पुढे श्वास सुटला, झोप चाळवली, की फुप्फुसे एकदम फुगतात, अनुकंपी चेतासंस्था उसळून उठते आणि ठोके धावू लागतात. त्याच वेळी रक्तदाबही झपाट्याने चढतो. मंद, जलद, पुन्हा मंद, पुन्हा जलद असा हा पाळणा रात्रभर हलत राहतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिश्चन गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या आवर्ती चढउताराचे वर्णन प्रसिद्ध केले. चोवीस तासांच्या हृदयालेखात हा नमुना दिसला तर झोपेच्या विकाराची शंका घ्यावी, असे त्यांनी सुचविले. त्याआधी १९८३ मध्ये त्यांनी ४०० रुग्णांच्या रात्रीच्या हृदयालेखांची पाहणी केली होती. त्यांपैकी ४८ टक्के रुग्णांत ठोक्यांची कोणती ना कोणती अनियमितता आढळली.

याशिवाय आणखी एक ताण असतो, तो यांत्रिक स्वरूपाचा. घसा मिटलेला असताना छाती श्वास ओढण्याची धडपड करते. त्यामुळे छातीच्या पोकळीत जबरदस्त ओढ निर्माण होते आणि ती हृदयाच्या भिंतींवर पडते. डाव्या निलयाला रक्त बाहेर फेकण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो. पातळ भिंतींचे अलिंद ताणले जातात. अलिंद ताणले गेले की त्यातून एक संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करतात. रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठावे लागणे हे वयाचे किंवा मधुमेहाचेच लक्षण आहे असे अनेकजण धरून चालतात. त्याचे मूळ कधीकधी अडलेल्या श्वासात असते.

रात्रीचे दुखणे दिवसा

हा विकार रात्रीपुरता राहत नाही. अनुकंपी चेतासंस्थेला रात्रभर उसळण्याची सवय लागली की ती दिवसाही पुरती शांत होत नाही. अशा रुग्णांचे ठोके जागेपणी विश्रांतीच्या अवस्थेतही अधिक जलद असतात आणि रक्तदाबात चढउतार अधिक असतो, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात कर्मचाऱ्यांच्या एका मोठ्या गटाचे वर्षानुवर्षे निरीक्षण करण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, सुरुवातीला तासाला १५ किंवा अधिक श्वासरोध असलेल्यांमध्ये चार वर्षांनंतर उच्च रक्तदाब असण्याची शक्यता, श्वासरोध मुळीच नसलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. तीन-तीन औषधे घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यांच्यात तर हा विकार फार मोठ्या प्रमाणात आढळतो.

हृदयविकाराने अकस्मात मृत्यू येण्याची वेळदेखील बोलकी आहे. सर्वसाधारण लोकांत असे मृत्यू सकाळी उठल्यानंतरच्या काही तासांत अधिक होतात. मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मात्र, श्वासरोध असलेल्या व्यक्तींपैकी ४६ टक्के लोकांना मृत्यू मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात आला होता. श्वासरोध नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. सर्वांत निवांत असावयास हवा तो प्रहरच या रुग्णांना घातक ठरत होता.

हा विकार केवळ पाश्चात्त्य देशांतील लठ्ठ माणसांचा आहे, असे कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी भारतीय पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत १९.५ टक्के पुरुषांच्या श्वसनात झोपेत बिघाड होत असल्याचे आढळले. दिवसा पेंगण्याच्या लक्षणासह विकार असणारे ७.५ टक्के होते. म्हणजे त्या वयोगटातील दर तेरा-चौदा पुरुषांमागे एक जण रोगी होता. यातील बहुसंख्य लोकांना आपल्याला असे काही आहे याची जाणीव नसते, ही यातली खरी चिंतेची बाब आहे.

उपचाराची कहाणी

या रोगाची ओळख पटावयास बराच काळ लागला. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ मधील ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो केव्हाही, कुठेही झोपी जातो. १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन केले. पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने आलेली असताना त्याला डुलकी लागली आणि हाती आलेली संधी हुकली, तेव्हा कोठे तो रुग्णालयात दाखल झाला. डिकन्सच्या पात्रावरून डॉक्टरांनी या लक्षणसमूहाला ‘पिकविकी’ असे नाव दिले. पुढे १९६५ मध्ये फ्रेंच व जर्मन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे झोपेतील श्वासाची नोंद घेतली आणि तो वारंवार बंद पडतो हे दाखविले. १९७० च्या दशकात ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव रूढ झाले.

रोग कळला तरी उपाय सोपा नव्हता. मार्ग घशात मिटतो, तेव्हा त्याच्या खाली गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवावयाची, हाच खात्रीचा इलाज होता. तो कठोर असला तरी त्याने एक गोष्ट सिद्ध केली. स्टॅनफर्डच्या रुग्णांपैकी ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली, त्यांच्या ठोक्यांतील बहुतेक गंभीर अनियमितता नाहीशा झाल्या. दोष मुळात हृदयात नसून श्वासाच्या वाटेत होता, याचा तो पुरावाच होता.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी यावर निराळी युक्ती काढली. घशाच्या भिंती आतून हवेच्या दाबाने उचलून धरल्या तर त्या मिटणार नाहीत, असा त्यांचा विचार होता. एका पंख्याने हवा दाबून ती नाकावाटे सतत सोडण्याची व्यवस्था त्यांनी केली. १९८० मध्ये हा प्रयोग झाला आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र सुरू होताच श्वास अडणे थांबत होते आणि वर्षानुवर्षे नीट न झोपलेली माणसे गाढ झोपी जात होती. या यंत्राला सीपॅप म्हणतात. सुरुवातीची यंत्रे अवजड व गोंगाट करणारी होती. आजचे यंत्र उशाशी ठेवता येते आणि त्याचा आवाज हळू असतो. त्यातील हवेचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात. तो सामान्यतः ४ ते २० सेंटिमीटर असतो. यंत्र प्राणवायू पुरवीत नाही. ते केवळ साध्या हवेच्या आधाराने वाट उघडी ठेवते, आणि श्वास रुग्ण स्वतःच घेत असतो.

उपचारानंतर हृदयात काय बदलते?

पहिला बदल त्याच रात्री दिसतो. श्वास अखंड चालू लागला की ठोक्यांचा तो मंद-जलद पाळणा थांबतो आणि नाडी संथ होते. यंत्राचा वापर दीर्घकाळ केल्यास अनुकंपी चेतासंस्थेचा दिवसाचा जोरही ओसरतो, असे मज्जातंतूंतील संदेशांच्या प्रत्यक्ष मोजमापातून दिसले आहे.

याची उलट बाजू तपासणारा एक प्रयोग झुरिक येथे झाला व २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राचा नियमित वापर करणाऱ्या रुग्णांपैकी काहींचा उपचार दोन आठवड्यांसाठी थांबविण्यात आला. श्वासरोध परत आले. उपचार चालू ठेवलेल्यांच्या तुलनेत त्यांचे सकाळचे ठोके मिनिटाला सुमारे सहाने वाढले, तर सकाळचा वरचा रक्तदाब ८.५ आणि खालचा सुमारे ७ अंकांनी चढला. औषधात, आहारात बदल नसताना केवळ दोन आठवड्यांत हा फरक पडला. मिनिटाला सहा ठोके म्हणजे, तोच वेग दिवसभर राहिल्यास, दिवसाला साडेआठ हजारांहून अधिक जादा ठोके.

रक्तदाबावरील परिणाम सरासरीने पाहिला तर माफक आहे. बहुतेक चाचण्यांत तो दोन ते तीन अंकांनी उतरतो. तथापि ज्यांचा रक्तदाब अनेक औषधांनाही दाद देत नाही, त्यांना लाभ अधिक होतो. स्पेनमध्ये अशा १९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर चोवीस तासांचा सरासरी दाब तुलनेने ३.१ अंकांनी कमी झाला. यंत्र रक्तदाबाच्या गोळ्यांची जागा घेत नाही. ते गोळ्यांना साथ देते. म्हणून यंत्र आले की औषध स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे ठरेल.

ठोक्यांच्या लयीत दोन प्रकारचे बिघाड महत्त्वाचे आहेत. पहिला रात्री ठोके फार मंदावण्याचा किंवा मध्येच चुकण्याचा. अशा नोंदी पाहून पेसमेकर बसविण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मूळ कारण श्वासरोध असेल तर श्वासावर उपचार केल्यानेच ठोके पुष्कळदा पूर्ववत होतात. म्हणूनच अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांत, झोपेत ठोके मंदावणाऱ्या रुग्णाची आधी श्वासरोधासाठी चाचणी करावी असे सांगितले आहे. दुसरा बिघाड म्हणजे अलिंदांचे कंपन, ज्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात ठोक्यांचा ताल पार विस्कटतो आणि अलिंदात गुठळी होऊन पक्षाघाताची भीती निर्माण होते. विजेच्या धक्क्याने हा ताल पूर्ववत केलेल्या रुग्णांची पाहणी मेयो क्लिनिकने २००३ मध्ये प्रसिद्ध केली. श्वासरोधावर उपचार न घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के रुग्णांत वर्षभरात कंपन परत आले. उपचार घेणाऱ्यांत ते ४२ टक्क्यांत परतले. मात्र नंतर झालेल्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या लहान चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही. त्यामुळे या बाबतीत आशा आहे, पण अंतिम निर्णय झालेला नाही, असेच म्हणावे लागते.

मोठ्या चाचण्यांचा कौल

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. या उपचाराने हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू टळतो काय? स्पेनमध्ये पुरुषांच्या मोठ्या गटाचे सरासरी दहा वर्षे निरीक्षण करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र विकार असून उपचार न घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दर वर्षी शंभरामागे १.०६ होते. उपचार घेणाऱ्यांत ते ०.३५ होते, म्हणजे निरोगी पुरुषांच्या ०.३ या प्रमाणाच्या अगदी जवळ. हे आकडे फार उत्साहवर्धक होते. परंतु उपचार घेणारे कोण आणि नाकारणारे कोण, हे तेथे रुग्णांनी स्वतः ठरविले होते. जो यंत्र मनापासून वापरतो तो बहुधा औषधेही वेळेवर घेतो, पथ्यही सांभाळतो. मग लाभ यंत्राचा की शिस्तीचा, हे कसे सांगावे?

हा पेच सोडविण्यासाठी भारतासह सात देशांत ‘सेव्ह’ नावाची मोठी चाचणी झाली. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीपासून असलेले २,७१७ रुग्ण तीत होते. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना यंत्र देण्यात आले. २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांची निराशा झाली. सरासरी ३.७ वर्षांत यंत्र वापरणाऱ्यांपैकी १७ टक्के आणि न वापरणाऱ्यांपैकी १५.४ टक्के लोकांना हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झाला. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. यंत्राने घोरणे आणि दिवसाची पेंग कमी झाली, मन प्रसन्न झाले, जीवनमान सुधारले. परंतु झटके टळले नाहीत.

या निकालाचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी फक्त ३.३ तास वापरले. उरलेली रात्र, ज्यात श्वासरोध अधिक तीव्र असणारी पहाटेची झोपही आली, ती विनाउपचारच गेली. शिवाय दिवसा अतिशय पेंगणाऱ्या रुग्णांना चाचणीतून वगळावे लागले होते, आणि कदाचित ज्यांना लाभ अधिक झाला असता तेच बाहेर राहिले. २०२३ मध्ये ‘सेव्ह’सह तीन चाचण्यांतील ४,१८६ रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. सर्वांचा मिळून विचार करता लाभ दिसला नाही. पण रात्री चार तास किंवा अधिक यंत्र वापरणाऱ्यांत पुन्हा झटका येण्याचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी होता.

हृदयाच्या ठोक्यांनी येथे एक नवा धागाही हाती दिला आहे. प्रत्येक श्वासरोधानंतर नाडी किती उसळी घेते हे मोजले असता, ज्यांची उसळी मोठी त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील एका चाचणीच्या फेरतपासणीत यंत्राचा लाभही अशा मोठ्या उसळीच्या रुग्णांनाच विशेष झाल्याचे दिसले. केवळ श्वास किती वेळा थांबला हे मोजण्यापेक्षा त्याला हृदयाने कसा प्रतिसाद दिला हे पाहणे भावी काळात अधिक उपयुक्त ठरेल, अशी चिन्हे आहेत.

एक सावधगिरी

सर्व श्वासरोध एका जातीचे नसतात. दुर्बळ हृदयाच्या काही रुग्णांत घसा उघडा असूनही मेंदूच श्वासाचा आदेश देणे मध्येमध्ये थांबवितो. श्वास हळूहळू वाढतो, हळूहळू घटतो आणि थांबतो. डब्लिनचे डॉक्टर जॉन चेन यांनी १८१८ मध्ये व विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये याचे वर्णन केले होते. अशा रुग्णांना श्वासानुसार दाब बदलणारे एक विशेष यंत्र लावून पाहण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांच्या हृदयाची रक्त फेकण्याची शक्ती घटलेली होती त्यांच्यात, श्वास सुधारूनही मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून परस्पर यंत्र विकत घेणे हिताचे नाही. श्वासरोध कोणत्या प्रकारचा आहे हे तपासणीनंतर तज्ज्ञांनीच ठरवावयाचे असते.

ओळखावे कसे, करावे काय?

या विकाराचा साक्षीदार स्वतः रुग्ण नसतो; शेजारी झोपणारी व्यक्ती असते. ‘रात्री यांचा श्वास मध्येच बंद पडतो, मला भीती वाटते, मी हलवून जागे करते,’ असे एखादी गृहिणी सांगते तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नये. ती तक्रार म्हणजे निदानाची पहिली पायरी असते. मोठ्याने व रोज घोरणे, गुदमरून जागे होणे, सकाळी डोके दुखणे व तोंड कोरडे पडणे, पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, जाड मान आणि आटोक्यात न येणारा रक्तदाब ही लक्षणे एकत्र दिसली तर तपासणी करून घ्यावी. बस, ट्रक किंवा टॅक्सी चालविणाऱ्यांनी तर दिवसाची पेंग मुळीच अंगावर काढू नये; तेथे प्रश्न एकट्याच्या हृदयाचा राहत नाही. स्त्रियांमध्ये घोरण्यापेक्षा थकवा, निद्रानाश व उदास वाटणे अशी लक्षणे पुढे येतात आणि रजोनिवृत्तीनंतर विकाराचे प्रमाण वाढते. त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव त्यामुळे अधिक असतो.

खात्रीचे निदान रात्रभराच्या निद्राचाचणीने होते. तीत श्वास, प्राणवायू, छातीची हालचाल व हृदयाचे ठोके यांची नोंद होते. बऱ्याच रुग्णांची चाचणी लहान उपकरणाच्या साहाय्याने घरीही करता येते. मनगटावरील घड्याळे आता रात्रीची नाडी दाखवू लागली आहेत. त्यांच्या आकड्यांवरून शंका घ्यावी, निर्णय घेऊ नये.

उपचारांत वजन घटविणे प्रथम येते. विस्कॉन्सिनच्या पाहणीत वजन १० टक्क्यांनी वाढले तर श्वासरोध सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतात व तेवढेच घटले तर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतात, असा अंदाज निघाला. वजन उतरविणाऱ्या टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ रुग्णांच्या मध्यम व तीव्र श्वासरोधासाठी मान्यता मिळाली. रात्री मद्य व विनासल्ला झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी घशाचे स्नायू अधिकच सैल पडतात. पाठीवर झोपल्यावरच ज्यांचा श्वास अडतो त्यांना कुशीवर झोपण्याने आराम पडतो. सौम्य व मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे, दंतवैद्याने मापाने बनविलेले साधन उपयोगी पडते. मुलांमध्ये बहुधा वाढलेले टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी हे कारण असते. त्या काढल्यावर पुष्कळ मुले बरी होतात.

ज्यांना यंत्र सांगितले आहे त्यांनी ते रोज आणि सबंध झोपेभर वापरावे. पहिले काही दिवस मुखवटा नकोसा वाटतो, नाक कोरडे पडते, हवा गळते. मुखवट्याचे माप बदलून, हवेत ओलावा मिसळून आणि दिवसा थोडा वेळ लावून सवय करून यातल्या बहुतेक अडचणी दूर करता येतात. यंत्र पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवून देणाऱ्यांची संख्या लहान नाही; डॉक्टरांकडे परत जाऊन अडचण सांगितली असती तर त्यांतील अनेकांचा उपचार चालू राहिला असता. मुखवटा स्वच्छ ठेवणे, प्रवासातही यंत्र बरोबर नेणे, वजनात मोठा फरक पडल्यास दाब पुन्हा तपासून घेणे या गोष्टी घरच्यांच्या मदतीने सहज अंगवळणी पडतात.

सारांश असा की, झोपेत अडणारा श्वास हृदयाला रात्रभर राबवितो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. उपचाराने ठोके संथ होतात, रक्तदाब थोडा उतरतो आणि दिवस जागेपणी घालविता येतो, हेही तितकेच खरे आहे. झटका टाळण्याचे संपूर्ण आश्वासन यंत्र देत नाही. पण जो ते नेमाने वापरतो त्याच्या बाजूने पुरावा झुकतो आहे. आहार, व्यायाम, तंबाखूपासून दूर राहणे आणि रक्तदाबाची औषधे यांच्या जोडीला श्वासाची ही काळजी घेतली, तर तिचे चीज होईल. आज रात्री घरात कोणी घोरत असेल तर चेष्टा करण्याआधी क्षणभर कान द्यावा. घोरणे मध्येच थांबत असेल आणि काही सेकंदांच्या शांततेनंतर मोठा घुरका ऐकू येत असेल, तर त्या माणसाला डॉक्टरांकडे नेण्याची वेळ आली आहे, असे समजावे.